मदत हवी आहे: व्हेंटिलेटर ऑनलाइन शिकायचाय, प्रत्यक्ष सराव सांगली-साताऱ्यात

शिराळा तालुक्यातल्या छोट्या रुग्णालयात मेडिकल ऑफिसर आहे, एमबीबीएस. पावसाळ्यात मण्यार चावलेल्या एक बाई पहाटे आल्या. दंशाची खूण नाही, पापण्या मिटत चाललेल्या, मान उचलेना. एएसव्हीच्या (सर्पविषावरचं औषध) 10 व्हायल दिल्या. स्नायूंची ताकद परतावी म्हणून दिलेल्या निओस्टिग्मिननं फरक पडला नाही (मण्यारीत बरेचदा पडतच नाही). शेवटी श्वासनलिकेत ट्यूब टाकली आणि अँब्यू बॅग (हातानं श्वास देण्याची पिशवी) दाबत कराड गाठलं. बाई वाचल्या. पण आमचा पोर्टेबल व्हेंटिलेटर कोपऱ्यातच राहिला, कारण तो लावायचा मला धीर झाला नाही. ते मनातून जात नाही.

एसीएलएस (हृदय बंद पडल्यावरच्या तातडीच्या उपचारांचा कोर्स) झालंय. यूट्यूबवरची व्याख्यानं ऐकली. टायडल व्हॉल्यूम (एका श्वासात द्यायची हवा) किलोमागे 6 ते 8 मिली, तेही उंचीवरून काढलेल्या वजनावर, हे पाठ आहे. पण हाय प्रेशरचा अलार्म वाजला की ट्यूब, तिचा कफ (टोकाजवळचा फुगा), सर्किट (व्हेंटिलेटरच्या नळ्या) यात आधी कशाला हात घालायचा, हे व्हिडिओ बघून हातात येत नाही.

डिप्लोमा नकोय. नाइट ड्युटी आणि नेटची बोंब, त्यामुळे डाउनलोड होणारा कोर्स हवा. फी दहा हजारांपर्यंत चालेल. सरावाला फक्त रविवार मोकळा.

केस देऊन सेटिंग करायला लावणारा असा ऑनलाइन कोर्स कुणी स्वतः केलाय का? आणि मिरज, सांगली किंवा कराडला बाहेरच्या डॉक्टरला आयसीयूत दोन-चार रविवार उभं राहू देतात का, परवानगी कुणाकडे मागायची?