'व्हर्च्युअल मशीन'ला 'आभासी यंत्र' म्हणावं का?

प्रश्न :
घरच्या विंडोजवर व्हर्च्युअलबॉक्स (एका संगणकात दुसरा संगणक चालवू देणारं सॉफ्टवेअर) टाकून त्यात लिनक्स कसं चालवायचं, यावर मराठीत टिपण लिहिते आहे. त्या आतल्या संगणकाला, म्हणजे 'व्हर्च्युअल मशीन'ला, सरळ 'आभासी यंत्र' लिहून टाकलं. मसुदा वाचून मावशीने विचारलं, "आभासी आहे ना, मग डिस्कवरची माझी २० जीबी खरी जागा कशी गेली?" मला उत्तर सुचेना. दुसरा शब्द आहे का? आणि होस्ट (बाहेरचा खरा संगणक) आणि गेस्ट (त्याच्या आत चालणारा) यांना काय म्हणता?

प्रतिसाद :
मावशींनी नेमक्या जागी बोट ठेवलं. 'आभासी' आपल्या डोक्यात बसला तो शाळेतल्या प्रकाशाच्या धड्यातून. सपाट आरशातली प्रतिमा आभासी, कारण ती पडद्यावर धरता येत नाही. तिथे शब्द चपखल आहे: दिसतं, पण त्या जागी काही नसतं. इथे बरोबर उलटं. वेगळा संगणक कुठे दिसत नाही, पण संगणकाची सगळी कामं होतात. मेमरी खरी खर्च होते, प्रोसेसर खरा तापतो, आतली फाइल उडवली तर ती खरोखर उडते.

इंग्रजी शब्दाच्या मुळाशी लॅटिन 'व्हिर्टुस' आहे, म्हणजे गुण, सामर्थ्य. नावाने नसेल, पण गुणाने तेच, असा 'व्हर्च्युअल'चा जुना अर्थ. संगणकशास्त्रज्ञ पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी १९७४ साली केलेली व्याख्याही तशीच आहे: खऱ्या यंत्राची कार्यक्षम आणि अलग ठेवलेली प्रतिकृती. भास हा भाग तिच्यात नाहीच.

मला 'मानीव' सुचतो. कायद्याच्या मराठीत 'मानीव अभिहस्तांतरण' आहेच: प्रत्यक्षात कुणी करून दिलेलं नसतं, पण झालं असं मानायचं आणि परिणाम सगळे खरे. मानीव यंत्र.

प्रतिसाद :
अर्थ पटला, पण 'मानीव' म्हटलं की मला गृहनिर्माण संस्थेची फाइलच दिसते. आणि 'आभासी' आता इतका रुळलाय की तो उपटणं अवघड. आभासी बैठकीत माणसं खरीखुरी भांडतातच की.

प्रतिसाद :
होस्ट म्हणजे यजमान, गेस्ट म्हणजे पाहुणा. फक्त 'यजमानांची मेमरी कमी पडते' हे वाक्य आमच्या घरात वेगळ्याच अर्थाने घेतलं जाईल! गंमत सोडा, ही जोडी कामाची आहे. ८ जीबीच्या संगणकात पाहुण्याला ६ वाढल्या तर यजमान उपाशी, मग दोघंही रखडतात. हे वाचणाऱ्याला लगेच कळतं.

प्रतिसाद :
बोलताना सगळे 'व्हीएम'च म्हणतात. व्हीएम उठत नाही, व्हीएम अडकलं. लिंगाचा घोळ मात्र आहे. मी 'मशीन' नपुंसकलिंगी धरून 'व्हीएम चालू झालं' म्हणतो, शेजारचा सहकारी 'झाली' म्हणतो. टिपणात एकच काहीतरी शेवटपर्यंत ठेवा.

एक विनंती. पडद्यावर दिसणारे शब्द भाषांतरित करू नका. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर 'व्हर्च्युअलायझेशन : एनेबल्ड' दिसतंय का, हे वाचकाला बघायचं असतं. नसेल तर बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) जायचं, आणि एएमडी प्रोसेसरच्या बऱ्याच बोर्डांवर तिथे या सोयीचं नाव असतं 'एसव्हीएम मोड'. तिथे 'आभासीकरण' शोधत बसलं तर रात्र सरेल. 'होम'चंही 'घरगुती' करू नका, ते विंडोजच्या आवृत्तीचं नाव आहे. होममध्ये हायपर-व्ही (व्हीएम चालवणारं मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं सॉफ्टवेअर) मिळत नाही, ते प्रोपासून पुढे. व्हर्च्युअलबॉक्स मात्र होमवरही चालतं.

मूळ प्रश्नकर्ती :
मग असं करते. पहिल्या उल्लेखात 'व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या पोटात चालणारा मानीव संगणक', आणि पुढे सगळीकडे व्हीएम, नपुंसकलिंगी. 'आभासी' काढला. यजमान-पाहुणा ठेवते, मावशीलाही आवडले.

आता 'स्नॅपशॉट' (व्हीएमची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवणं) राहिला. 'क्षणचित्र' लिहिलं होतं, तर मावशी म्हणे, "फोटो काढून काय करायचं?"

प्रतिसाद :
पुन्हा बरोबर! फोटो नुसता बघता येतो, इथे त्या क्षणाला परत जाता येतं. 'परतीची खूण' कसं वाटतं? आणि शब्द कोणताही घ्या, पण ही खूण म्हणजे बॅकअप नव्हे हे लिहाच. मूळ डिस्कची फाइल गेली की खुणेचा काही उपयोग नाही.