'सॉरी' म्हणजे माफी का?

बाबा गेले तेव्हा माझ्या परदेशातल्या सहकाऱ्यांनी कार्ड पाठवलं होतं. बहुतेकांनी एकच ओळ लिहिलेली, 'सॉरी फॉर युअर लॉस'. आईने चष्मा लावून ती वाचली आणि विचारलं, "अगं, यांचं काय चुकलं? माफी कशाची मागतायत?"

तिचा प्रश्न रास्त होता. मराठीने हा शब्द घेतला तो जवळजवळ माफीपुरताच. धक्का लागला, सॉरी. उशीर झाला, सॉरी हं. पोरं भांडली की "आधी तिला सॉरी म्हण". मूळ शब्दात मात्र चुकीचा मागमूसही नाही. जुन्या इंग्रजीतला 'सारिग' हा 'सार'वरून आला, आणि सार म्हणजे वेदना, जखम. घसा दुखतो त्याला 'सोअर थ्रोट' म्हणतात, त्यातला 'सोअर' याच घरातला. म्हणजे सॉरी असणं म्हणजे आतून दुखणं. ('सॉरो' म्हणजे दुःख, हा त्याचा सख्खा भाऊ वाटतो, पण तो 'सोर्ग' या वेगळ्या शब्दातून आलाय. सहवासाने दोघं सारखे दिसू लागले.)

आपल्या 'दिलगीर'चंही अगदी असंच झालं. फारसीत दिल म्हणजे मन आणि 'गीर' धरण्यातला, पकडण्यातला. जुन्या मराठीत दिलगीर होणं म्हणजे खिन्न होणं. आज स्टेशनवर गाडी उशिरा येत असल्याचं सांगून "दिलगीर आहोत" म्हणतात, तेव्हा त्यातली खिन्नता कुणाला ऐकूही येत नाही.

'माफ' मात्र निराळा. तो अरबीतून आलेला, सूट देण्याचा शब्द: कर्जमाफी, फीमाफी. माफ समोरच्याने करायचं असतं. सॉरी म्हणणारा स्वतःच्या मनाचं सांगतो, म्हणून तो मयताच्या घरीही चालतो. तिथे भाषांतरात 'तुमच्या नुकसानीबद्दल क्षमस्व' असं लिहिलेलं पाहिलं की मला खरंच त्रास होतो. आपल्याकडे अशा वेळी माणसं हात हातात घेऊन "फार वाईट झालं हो" म्हणतात. सॉरीचा जुना अर्थ त्या 'वाईट'मध्ये पुरता येतो.

आईला मी एवढंच सांगितलं, "त्यांना वाईट वाटलंय गं."

माझ्या आजीच्या तोंडी सॉरी कधीच नव्हता, ती "चुकलं बाई माझं" म्हणायची. तुमच्याकडची जुनी माणसं काय म्हणत?