परवा पहाटे ताडोबा, मदत हवी आहे

मंडळी, शनिवारी पहाटे मोहर्ली गेटची सफारी आहे आणि आमच्याकडे अजून बॅगेवरूनच वाद चाललाय. मे महिना, चंद्रपूरचं ऊन ४५ अंशांच्या घरात. आईने कांदा, ओला करायला पंचा आणि कोकम सरबत काढून ठेवलंय. चिरंजीवांनी भडक लाल टोपी. (ती मी गुपचूप कपाटात टाकली.) मूळ ओळखपत्रं आणि बुकिंगची प्रिंट पाकिटात घातली. कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या आतल्या मुख्य भागात, मोबाईल नेता येत नाही म्हणून जुना कॅमेरा काढलाय, पण उघड्या जिप्सीत धुळीपासून लेन्स कशी जपायची? प्लास्टिकची पिशवी की उशीचा अभ्रा? आणि आईची कंबर धरते, मागची सीट फार आदळते का? मधली सीट मागितली तर मिळते का? जरा लवकर सांगा, उद्या दुपारी निघतोय.