बसस्थानकातील लिखाण आणि पत्रके: काढावीत कशी, थांबवावीत कशी?

फलाट_क्रमांक_तीन:
आमच्या तालुक्याच्या बसस्थानकात नूतनीकरणानंतर स्टेनलेस स्टीलची बाके, पॉलिकार्बोनेट या कडक प्लॅस्टिकचे पारदर्शक आडोसे आणि काळ्या दगडाची दर्शनी भिंत आली. वर्षाच्या आतच बाकांवर मार्करने लिहिलेली नावे व मोबाइल क्रमांक, आडोशांवर स्प्रेची अक्षरे आणि भिंतीवर स्प्रेसोबत क्लासच्या जाहिराती दिसू लागल्या. सफाई कामगाराने एक आडोसा थिनरने पुसला तेव्हा अक्षरे गेली खरी, पण आडोसा दुधाळ होऊन त्यातून येणारी गाडीही दिसेनाशी झाली. आमची प्रवासी संघटना श्रमदानाला तयार आहे. कशाने काय पुसावे आणि कॅमेऱ्यांचा आग्रह धरावा की नाही, याविषयी जाणकारांनी सांगावे.

रंगारी_निवृत्त:
थिनर किंवा ॲसिटोन पॉलिकार्बोनेटला लावूच नये, कारण त्याने पृष्ठभाग विरघळून बारीक तडे जातात; तो आडोसा आता बदलावा लागेल. उरलेल्यांसाठी आयसोप्रोपाइल अल्कोहोल मऊ सुती फडक्यावर घ्यावे, आधी कोपऱ्यात चाचणी करावी, डागाच्या कडेकडून मध्याकडे पुसत यावे आणि फडके वरचेवर बदलावे, नाही तर रंग पसरतो. शेवटी साबणाच्या पाण्याने धुवावे. स्टीलला थिनर चालतो, मात्र पत्र्यावरील रेषांच्या दिशेनेच पुसावे आणि लोखंडी तारेची घासणी टाळावी, कारण तिचे कण रुतून पुढे गंजाचे ठिपके उमटतात.

खरा त्रास दगडाचा आहे. त्यावर थिनर ओतला की रंग पातळ होऊन छिद्रांत उतरतो आणि अक्षरांची सावली कायम राहते. त्याऐवजी रंग काढण्याच्या द्रावणात शोषक माती कालवून तिचा जाड लेप द्यावा, वर प्लॅस्टिक झाकावे आणि रंग सुटला की लेप लाकडी पट्टीने खरवडावा. वाळूचा मारा करून भिंत साफ करून देणारे भेटतील. त्यांना नम्रपणे परत पाठवावे, कारण दगडाचा पृष्ठभाग खरबरीत झाला की पुढचा रंग अधिक घट्ट बसतो. स्वच्छ झालेल्या भिंतीवर मेणाचा संरक्षक थर द्यावा, म्हणजे पुढच्या वेळी गरम पाण्याच्या फवाऱ्याने रंग मेणासकट निघतो. तो थर मात्र प्रत्येक वेळी नव्याने द्यावा लागतो. किल्लीने कोरलेल्या नावांवर कोणतेही रसायन चालत नाही.

रूळबदल:
कॅमेऱ्यांपेक्षा न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचा अनुभव पाहावा. सत्तरच्या दशकात तेथील मुले डब्यांवर आतबाहेर आपली नावे रंगवत होती. रसायनांनी धुण्याचा प्रयोग झाला, १९८१ मध्ये गाड्या उभ्या करण्याच्या एका यार्डाला दुहेरी कुंपण घालून मध्ये कुत्री सोडण्यात आली. निर्णायक बदल १९८४ नंतर, तेथील परिवहन प्राधिकरणाचे अध्यक्ष डेव्हिड गन यांच्या कारकिर्दीत झाला. एकदा स्वच्छ केलेली गाडी लिखाणासह धावणार नाही, ती पुसली जाईल किंवा सेवेतून काढली जाईल, हा नियम एकेका मार्गावर लागू करत नेला आणि रंगवलेली शेवटची गाडी १२ मे १९८९ रोजी सेवेतून गेली. आपले नाव शहरभर फिरावे यासाठीच ती मुले रंगवत होती. नाव यार्डाबाहेर पडेनासे झाल्यावर रात्रभर जागण्यात अर्थ उरला नाही. म्हणून सगळे स्थानक एकदम हाती घेऊ नये. एकच फलाट निवडावा, तेथील लिखाण त्याच दिवशी पुसावे आणि तो टिकल्यावरच पुढच्याकडे वळावे.

कलम_वाचक:
कायदा आहे. महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियम, १९९५ नुसार तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. क्लासच्या पत्रकांपुरता तरी त्याचा उपयोग करावा, कारण आरोपी स्वतःच आपला फोन क्रमांक छापून जातो. पुसण्यापूर्वी छायाचित्र मात्र काढून ठेवावे.

फलाट_क्रमांक_तीन:
सर्वांचे आभार. भिंतीवर शाळेच्या मुलांकडून चित्रे काढून घ्यावीत, अशीही एक सूचना आली आहे.

रंगारी_निवृत्त:
काळ्या दगडावर नको, तो रंगवला की उघडा करणे जिकिरीचे असते. मुतारीकडे जाणारी गिलाव्याची भिंत असेल तर ती खुशाल द्यावी. तेथे चित्रांवर पारदर्शक पॉलियुरेथेनचा थर दिला, म्हणजे त्यांवर कोणी लिहिले तरी खालचे चित्र न बिघडवता पुसता येते.