होमस्टेच्या खोल्यांत सिलिकॉनची घडीची किटली ठेवावी का?

मांद्रेकाठ
पेडणे तालुक्यात किनाऱ्यालगत होमस्टे आहे. पाहुणे चहासाठी किटली मागतात, म्हणून दाबून चपटी होणारी सिलिकॉनची आयात किटली घ्यायचा विचार आहे. मागवलेल्या नमुन्यावर ६०० वॅट, ११०/२२० व्होल्ट छापलंय. बुडाला छोटा लाल स्विच, वायर सुटी निघणारी, टॉप (प्लग) दोन गोल पिनांचा. आयएसआय खूण कुठेच नाही. खोल्यांत ६ अँपिअरचे तीन भोकांचे सॉकेट आहेत. ही किटली ठेवण्याजोगी आहे का? नसेल तर कसली घ्यावी?

फोंड्याचा वायरमन
दोन पिनांची असेल तर ठेवू नका. सिलिकॉन फक्त बाजूच्या भिंतींना असतं. बूड स्टीलचं आणि त्याला खालून चिकटलेलं एलिमेंट. एलिमेंटच्या नळीत तारेची गुंडाळी असते आणि तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली. ही पूड ओल धरते. टोकांचं सील कच्चं असलं की पावसाळ्यात आठवडाभर पडून राहिलेल्या किटलीत हवेतला दमटपणा शिरतो आणि करंट पुडीतून नळीला, तिथून बुडाला आणि पाण्याला लागतो. तीन पिनांच्या किटलीत तो अर्थच्या तारेने निघून जातो आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडतो. दोन पिनांच्या किटलीत त्याला वाटच नाही. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून किटली उचलणारा माणूसच मग ती वाट होतो.

चौकोनात चौकोन ही दुहेरी इन्सुलेशनची खूण असेल तर दोन पिना चालतात, असं नियम सांगतो. पण खूण छापायला काहीच लागत नाही. उघड्या स्टीलच्या बुडावर, बिनआयएसआय मालात, मी ती धरून चालणार नाही.

टॉपचंही बघा. युरोपातल्या चपट्या टॉपच्या पिना ४ मिलिमीटर जाड असतात आणि तो टॉप २.५ अँपिअरपुरताच असतो. ६०० वॅटलाच २.६ अँपिअर लागतात, ८०० वॅटला साडेतीन. आपल्या ६ अँपिअरच्या सॉकेटची भोकं ५ मिलिमीटरच्या पिनेसाठी केलेली, त्यामुळे बारीक पिन आत सैल राहते. सैल जागी ठिणगी पडते, काळं धरतं, पितळेची पट्टी तापून तिची पकड जाते. मग त्यात चांगला टॉप घातला तरी तोही तापतो. किटली टाकून दिलीत तरी सॉकेट बदलावाच लागेल.

कुंभारजुवेकर
मला त्या लाल स्विचची जास्त भीती वाटते. आत सारख्या रेझिस्टन्सची दोन एलिमेंट असतात. २२० वर ती एकामागोमाग जोडली जातात, ११० वर समांतर. स्विच ११० वर राहिला आणि किटली आपल्या २३० व्होल्टवर लावली, तर प्रत्येक एलिमेंटला दुप्पट व्होल्टेज आणि एकूण चौपट वॅट. ६०० वॅटची किटली २६०० वॅटच्या आसपास जाते, म्हणजे ११ अँपिअरच्या वर. वायर असते जेमतेम ०.७५ चौरस मिलिमीटरची, ६ अँपिअरपुरती, आणि स्वस्त मालात तीही तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमची. १० अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट वाहिला की पडणारा बोर्डातला स्विच) एवढ्यावर तासभरही तग धरतो, १६ चा तर पडणारच नाही. आरसीसीबीला हे कळतच नाही, कारण करंट गळत नाही, फक्त जास्त वाहतो. अमेरिकेतून आलेल्या पाहुण्याने सवयीने स्विच ११० वर सरकवला की झालं.

ओळखायचं कसं? ६०० मिलिलिटर साधं पाणी ६०० वॅटवर उकळायला किमान पाच-सहा मिनिटं लागतात. सव्वा मिनिटात खळखळलं तर ताबडतोब बोर्डावरून बंद करा.

साखळीचा मेकॅनिक
वायर सुटी निघते म्हणालात, तर तिचं किटलीकडचं टोक बघा. रेडिओला असते तशी आठच्या आकड्याची असेल तर ती २.५ अँपिअरची आणि बिनअर्थची, तिथेच विषय संपला. कॉम्प्युटरला लागते ती सी१३. तिच्या पिनांना ७० अंशांपर्यंतच परवानगी. गरम होणाऱ्या उपकरणाला सी१५ लागते, १२० अंशांची, तोंडाला खाच असलेली.

मांद्रेकाठ
वायरीचं टोक आठच्या आकड्याचंच निघालं. नमुना परत पाठवतो. देव बरें करूं. आता तीन पिनांची घेतली तरी सॉकेटमधल्या अर्थचा भरवसा कसा धरायचा? घर जुनं आहे.

फोंड्याचा वायरमन
टेस्टरने अर्थ कळत नाही, मल्टिमीटर घ्या. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्ट यायला हवं. फेज-अर्थ शंभरच्या खालीवर हेलकावत असेल तर अर्थची तार कुठेतरी सुटलीय. न्यूट्रल-अर्थ लोड चालू असतानाही अगदी शून्य आलं, तर मेन बंद करून सॉकेट उघडा. जुन्या घरांत अर्थचं टोक तिथल्या तिथे न्यूट्रललाच जोडलेलं सापडतं. त्या जोडणीत न्यूट्रल तुटली की किटलीचं बूड थेट फेजवर येतं. आकडे बरोबर आले तरी एवढं करा: वायरमनकडून फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा बल्ब लावून घ्या. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी तत्क्षणी पडला पाहिजे. आरसीसीबी नसेल तर किटलीच्या आधी तो बसवा.

किटलीची अर्थची पिन ते स्टीलचं बूड एक ओहमच्या आत. फेज-न्यूट्रल एकत्र धरून अर्थशी ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचा मीटर) लावला तर निदान एक मेगओहम. हे माप पावसाळ्याच्या मध्यावर पुन्हा घ्या, उन्हाळ्यातलं माप फसवतं.

कुंभारजुवेकर
घडीचा हट्ट का? खोलीत ठेवायची किटली कुठे न्यायची नाही. घडी जिथे मोडते तिथे आणि सिलिकॉन-स्टीलच्या जोडावर चीर पडते, पाणी गळतं ते थेट खालच्या जोडण्यांवर. शिवाय बऱ्याच घडीच्या किटल्यांना वाफेवर बंद होणारा स्विच नसतो, फक्त बुडाचा थर्मोस्टॅट. तो थंड झाला की पुन्हा चालू होतो, पाणी आटेपर्यंत.

आयएसआयची साधी स्टीलची घ्या, खुणेसोबतचा सीएम/एल क्रमांक, म्हणजे परवान्याचा नंबर, आयएसआय खूण देणाऱ्या बीआयएस संस्थेच्या बीआयएस केअर अॅपमध्ये टाकून बघा. पण १५०० वॅटची नको, तिला साडेसहा अँपिअर लागतात आणि तुमचे सॉकेट ६ चे. १००० वॅटच्या आतली बघा, किंवा खोलीत एक १६ अँपिअरचा पॉइंट स्वतंत्र वायरने काढून घ्या.

साखळीचा मेकॅनिक
आणि पाहुणे स्वतःची किटली आणतात, त्यासाठी खोलीत पाटी लावा. बऱ्याच ट्रॅव्हल अॅडॅप्टरमधून अर्थ पुढे जातच नाही, किटली तीन पिनांची असली तरी.