रायडर कप क्विझ: रेकॉर्ड गार्सियाचा, फाल्डोचा की मिकेलसनचा?

खारघर_पार३: रविवारी आपल्या खारघरच्या गोल्फवाल्या ग्रुपची क्विझ आहे. रायडर कप म्हणजे अमेरिका आणि युरोप यांच्या संघांची गोल्फ स्पर्धा. त्यावर ‘रायडर कपचा रेकॉर्ड कोणाच्या नावावर?’ हा प्रश्न टाकला, तर तिघांनी गार्सिया, फाल्डो आणि मिकेलसन ही तीन नावं सांगितली. सर्वांत मोठा विजय कोणी १९-९ म्हणतं, कोणी २३½-८½. उत्तरपत्रिकेत काय लिहू?

ठाणेकर७२: चूक उत्तरांची नाही, प्रश्नाची आहे. गुण विचारलेत (विजयाला एक, बरोबरीला अर्धा) तर गार्सिया: २५ विजय, १३ पराभव, ७ बरोबरी, म्हणजे २५ + ३½ = २८½. फाल्डोचे २५ गुण आहेत (२३-१९-४). गार्सियाने ते २०१८ मध्ये पॅरिसला रिकी फाउलरविरुद्धची सिंगल्स (एकास एक मॅच) जिंकून मागे टाकले. सर्वाधिक मॅच आणि सर्वाधिक वेळा संघात असण्याचा मान मात्र मिकेलसनचा: १२ वेळा, ४७ मॅच. त्यात १८ जिंकल्या, २२ हरल्या, ७ बरोबरीत. तेव्हा ‘सर्वाधिक गुण’ असं स्पष्ट छापा.

आणि जोडीचा प्रश्न घ्याच. बालेस्टेरोस-ओलाझाबाल, १५ मॅचमध्ये ११ विजय, २ पराभव, २ बरोबरी. माझ्या मते हा आकडा वरच्या सगळ्यांपेक्षा भारी.

वाशी_मार्शल: मोठ्या विजयात एकूण गुण किती होते ते आधी बघा. १९६७ ला ह्यूस्टनमध्ये ३२ गुण होते, म्हणून २३½-८½. १९७९ पासून युरोपचा संघ आला आणि एकूण २८ झाले: फोरसम (जोडी एकच चेंडू आळीपाळीने मारते) ८, फोरबॉल (जोडीतल्या प्रत्येकाचा आपला चेंडू) ८, सिंगल्स १२. या २८ मध्ये २०२१ चं १९-९ सर्वांत मोठं. १९४७ ला पोर्टलंडमध्ये १२ पैकी ११-१ झालं होतं. प्रमाणात बघायचं तर तेच.

खारघर_पार३: ‘अमेरिकेतल्या मेडिना कोर्सवर २०१२ मध्ये कायमरच्या पुटने (चेंडू होलमध्ये घालायच्या हलक्या फटक्याने) युरोप जिंकला’ हे चालेल ना?

वाशी_मार्शल: नाही, इथेच सगळे फसतात. जिंकायला १४½ लागतात, पण कप आधीपासून ज्याच्याकडे आहे त्याला राखायला १४ पुरतात. कायमरच्या पुटने चौदावा गुण आला, कप राहिला. मागून मोलिनारी-वुड्स मॅच हाफ झाली, म्हणजे बरोबरीत सुटली, तेव्हा १४½-१३½ झालं. २०२५ ला न्यूयॉर्कच्या बेथपेज कोर्सवर युरोपचं तेच: लाउरीच्या पुटने कप राखला, शेवट १५-१३.

गंमत म्हणजे १९९९, २०१२ आणि २०२५, तिन्ही वेळा मागे असलेल्या संघाने सिंगल्स ८½-३½ अशीच मारली. पहिल्या दोन वेळा पिछाडी ६-१० होती, म्हणून पुरली. अमेरिका बेथपेजला ४½-११½ वर होती, १३ वरच अडकली.

ठाणेकर७२: त्या ८½ मध्ये अर्धा गुण न खेळता मिळालाय. हॉव्हलँड जखमी झाला, म्हणून हॅरिस इंग्लिशची मॅच हाफ धरली. दोन्ही कॅप्टन सिंगल्सआधी एका खेळाडूचं नाव बंद पाकिटात देतात. समोरचा कोणी जायबंदी झाला तर त्या नावाला बसवतात. १९७९, १९९१ आणि १९९३ लाही असंच झालं होतं.

ऐरोली_बोगी: बायकांचा सोल्हाइम कप विसरू नका. लॉरा डेव्हिस १२ वेळा खेळली, ४६ मॅच, २५ गुण. आणि २०२३ ला १४-१४ झालं, कप युरोपकडेच राहिला. टायब्रेकरला तो घ्या.