मदत हवी आहे : बुजलेले लांडगे

नाशिकजवळच्या एका प्राणी उपचार केंद्रात मी रोज संध्याकाळी मदतीला जातो. तिथे येवल्याच्या माळावरची लांडग्यांची जोडी आहे. दोघंही पायाने अधू, परत सोडता येणार नाहीत. माणूस दिसला की शेपूट पोटाखाली घालून कोपऱ्यात दबतात. मांस आम्ही गेल्यावरच खातात.

दीड महिना मी त्याच वेळी, त्याच कपड्यांत, नजर न भिडवता जाळीबाहेर पाठमोरा बसतोय. काल मादी वास घेत दोन पावलं पुढे आली आणि मी नेमका शिंकलो!

एकजण म्हणतो, लपायचा आडोसा काढून टाका. मला नाही पटत. कुणाला अनुभव आहे? माणसाळवायचं नाहीये, औषधापुरतं जाळीजवळ यावेत एवढंच. (लांडगा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे, पाळायचे सल्ले नकोत.)